तगाद्याला कागदाचं उत्तर



कापसाची वेचणी चालू आहे. मजूर मिळेना म्हणून आम्ही घरचेच चौघं वावरात असतो. आज मात्र पिकाचं लिहीत नाही. परवा रात्री एका शेतकरी भावाचा फोन आला. पाटोद्याकडचा माणूस, तुरीच्या नोंदी वाचून ओळख झालेली. मला वाटलं मररोगाचं विचारतोय. पण आवाज बारीक झालेला.

"अण्णा, तुम्ही जुनं-पुराणं वाचत असता म्हणून विचारतो. फायनान्सवाले पोरीच्या सासरी फोन करायलेत. आपण लेखी दिलं की आम्हाला फोन करू नका, तर त्यांना बंद करावं लागतं का?"

मी म्हणलं, अर्धं बंद करावं लागतं. अर्ध्याचं उत्तर जरा लांब आहे, लिहूनच टाकतो. हे ते उत्तर. दोनशे वर्षांमागून सुरुवात करतो, कारण आपण कुठं कमी पडतो ते तिथंच दिसतं.

धरणं म्हणजे मुळात काय

आज आपण धरणं धरतो ते तहसीलसमोर, पीक विम्यासाठी. पण जुन्या काळात धरणं धरायचा तो सावकार, आणि तेही कर्जदाराच्या दारात. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन साहेबानं १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात येणं वसूल करायची ही रीत नोंदवली आहे. कर्जदार बरोबरीचा किंवा खालचा असला तर त्याला घरातून हलू द्यायचं नाही, जेवू द्यायचं नाही, उन्हात बसवायचं. कर्जदार मोठा असला तर त्याच्या उंबऱ्यावर पडून राहायचं, वाट अडवायची, दारात ओरडा करायचा. नाहीतर दारात उपाशी बसायचं, म्हणजे आतल्यालाही उपाशी राहावं लागे. हा झाला तगादा. स्वतः जायचं नसलं तर भाड्याची माणसं लावायची सोयही होती. म्हणजे वसुली एजंट हा काही नवा प्राणी नाही.

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ घातलं. देवाचा कोप होईल अशी भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणं हा गुन्हा, असं ते कलम. त्याखाली पहिलंच उदाहरण दिलंय ते दारात धरणं धरून बसणाऱ्याचं. आताच्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३५४ झालंय. दारात बसून अब्रू काढायची रीत किती मुरलेली होती ते यावरून समजा.

सीनेच्या पलीकडं

आमचं गाव आष्टी तालुक्यात, सीना नदीच्या बाजूला. पलीकडं कर्जत, म्हणजे नगर जिल्हा, आताचं अहिल्यानगर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही नुसती नदी नव्हती, दोन राज्यांची हद्द होती. पलीकडं इंग्रज, अलीकडं निजाम. नगरकडची म्हातारी माणसं आमच्या भागाला अजून 'मोगलाई' म्हणतात.

पलीकडच्या बाजूला १८७५ मध्ये जे झालं ते शाळेच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून चार ओळीत येतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं तेव्हा तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यात सरकारनं नवी पाहणी करून शेतसारा वाढवला. ज्यानं सोन्याच्या भावात कर्ज घेतलं त्यानं मातीच्या भावात फेडायचं, असा तो घोळ. कापूसवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

खरी मेख कागदात होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या खताची मुदत तीन वर्षं केली. हेतू चांगला होता, सावकारानं कर्ज वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवू नये. पण झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घेई आणि साचलेलं व्याज मुद्दलात घाली. शेतकरी अंगठा देई. खतात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे. भरलेल्या पैशाची पावती नसे. कोर्टाचं समन्स निघालं तर तो जात नसे, मग एकतर्फी हुकूमनामा होई.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी अशाच एका हुकूमनाम्यावरून गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. पाणी नाही, हजामत नाही, घरकाम नाही. तिथून वारं सुटलं. १२ मे १८७५ ला सुप्याला, आताच्या बारामती तालुक्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. मग हे लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जतपर्यंत, म्हणजे आमच्या नदीच्या काठापर्यंत आलं.

मला यात एक गोष्ट कायम विचारात पाडते. त्यांना पैसा-अडका नको होता. त्यांनी मागितली खतं, हुकूमनामे. जिथं सावकारानं कागद मुकाट काढून दिले तिथं फारशी मारहाण झाली नाही. कागद मिळाला की जाळायचा, एवढंच. कारण शेतकऱ्याला कळलं होतं की आपल्या गळ्यातला फास सुताचा नाही, कागदाचा आहे.

पुढं पलटणी आल्या. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ लोक पकडले, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. कागद जाळून कर्ज जळलं नाही.

जाळलेल्या कागदातून निघालेला कायदा

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली कलमं आज वाचली तरी नवल वाटतं. नुसत्या खतावर जाऊ नका, व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा हिशोब कोर्टानं तपासावा. मुद्दल आणि व्याज वेगळं मांडावं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये. आणि शेतकऱ्याला तीन कागद मागायचा हक्क दिला: भरलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशोब आणि पासबुक.

बघा मंडळी, १८७५ ला शेतकरी कागद जाळायला गेला, आणि चार वर्षांनी कायद्यानं त्याला सांगितलं, तू जाळू नको, तू तुझा कागद माग.

सगळं गोड झालं असं नाही. सावकारांनी पळवाट काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचं, तोंडी म्हणायचं की पैसे दिले की जमीन परत. ही पळवाट आजही आपल्या भागात चालते, म्हणून सांगितलं.

आणि हा कायदा सीना ओलांडून आमच्याकडं आलाच नाही. राज्य निजामाचं. सावकारांवरचा हैदराबादचा कायदा आला तो १३४९ फसलीत, म्हणजे १९३९-४० च्या सुमाराला. नदीच्या अलीकडच्या काठाला साठ वर्षांचा उशीर. आमच्या आज्याच्या पेटीत एक कागद होता. सगळा उर्दू, खाली आज्याचा अंगठा. घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता. आजा म्हणायचा, "त्यात काय लिहिलंय ते सावकाराला माहीत अन् अल्लाला." दोन एकर त्या कागदात गेलं.

आज कायदा काय म्हणतो

सावकाराचं आधी. मुंबई राज्याच्या १९४६ च्या सावकारी कायद्यात कर्जदाराला छळणं हा गुन्हा ठरवला. छळणं म्हणजे काय तेही लिहिलं: वाट अडवणं, धमकावणं, जाईल तिथं पाठलाग करणं, घराजवळ घुटमळत राहणं. एल्फिन्स्टननं लिहिलेला तगादाच तो, फक्त आता गुन्हा म्हणून. आज सगळ्या महाराष्ट्राला २०१४ चा सावकारी नियमन कायदा लागू आहे. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आत जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करून परत मागता येते, अगदी खरेदीखत झालेलं असलं तरी. अर्ज मात्र लेखीच लागतो.

आता बँक आणि फायनान्स. रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्ये सांगितलं की वसुलीसाठी अवेळी सतावणं आणि दांडगाई चालणार नाही. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वसुलीला गुंड लावायच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. २४ एप्रिल २००८ च्या परिपत्रकात बँकांना नियम घातले: एजंटाकडं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र पाहिजे, कुठल्या एजन्सीला काम दिलं ते कर्जदाराला कळवायला पाहिजे. आणि आपल्या कामाची ओळ ही, की कर्जदारानं तक्रार दिलेली असेल तर ती निकाली निघेपर्यंत बँकेनं प्रकरण एजंटाकडं देऊ नये. अपवाद एकच. माणूस उगाच खोट्या तक्रारी करतोय असं बँकेनं पुराव्यानं दाखवलं तर.

१२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात आणखी स्पष्ट केलं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीचा फोन नाही. चारचौघांत अपमान नाही. घरचे, मित्र, ओळखीला नाव दिलेली माणसं यांच्या खाजगी आयुष्यात घुसायचं नाही. बचत गटाच्या बायकांच्या छोट्या कर्जांना, म्हणजे मायक्रोफायनान्सला, मार्च २०२२ चे नियम त्याहून कडक: सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर नाही. वसुली ठरलेल्या जागी. बाई ठरलेल्या जागी लागोपाठ दोन वेळा आली नाही तरच घरी यायचं.

म्हणजे पाटोद्याच्या भावाच्या पोरीच्या सासरी फोन जातो, तो कायद्यानं चूकच आहे. फक्त एक पाहा, जामीनदाराची गोष्ट वेगळी. ज्यानं जामीन म्हणून सही केली त्याला विचारायचा त्यांना हक्क आहे.

मग फोनच करू नका असं लेखी दिलं तर? अमेरिकेत तसा कायदा आहे, १९७७ चा. तिथं दुसऱ्यासाठी वसुली करणाऱ्या एजन्सीला कर्जदारानं लेखी कळवलं की संपर्क बंद करा, तर तिला बंद करावाच लागतो. पुढं फक्त "आम्ही थांबतोय" किंवा "आम्ही अमुक कारवाई करू शकतो" एवढंच कळवता येतं. कर्ज तिथंही माफ होत नाही, कोर्टात जाता येतंच. आपल्याकडं इतका सरळ कायदा नाही. पण भारतीय बँक संघाच्या वसुलीच्या नमुना धोरणात असं आहे की अमुक वेळी किंवा अमुक जागी फोन करू नका अशी कर्जदाराची विनंती शक्य तितकी मानली जाईल, आणि घरात दुःखद प्रसंग असेल तर फोन टाळला जाईल. म्हणून मी म्हणलं, अर्धं.

माझं स्वतःचं

हे सगळं मी हौसेनं नाही वाचलं. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरचे तीन हप्ते थकले. पावसानं कापूस झोडपला होता. एका खाजगी फायनान्सचे दोघं जण आठवडी बाजारात आले. मी कांद्याच्या गोण्या उतरवत होतो. पन्नास माणसांत एकानं मोठ्यानं विचारलं, "शेठ, ट्रॅक्टर फुकट फिरवता काय?" मी काही बोललो नाही. त्या रात्री जेवलो नाही. बायकोनं माझ्यावर नजर ठेवली, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. फवारणीचं औषध तिनं शेजारी नेऊन ठेवलं होतं.

मी चार वेळा फोन करून तक्रार केली. दर वेळी "सर, नोंद घेतली" म्हणायचे. नंबर मागितला तर फोन कट. आमच्या गावचे एक निवृत्त ग्रामसेवक आहेत, ते म्हणाले, "दहावी पास झालास ना? मग लिही की. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची."

मी एक पानभर लिहिलं आणि रजिस्टरनं पाठवलं. दोन प्रती, एक शाखेला, एक त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. कर्ज नाकारलं नाही. अठरा दिवसांनी उत्तर आलं. ती दोन माणसं परत दिसली नाहीत. आठवड्याला एक फोन यायचा, दुपारी, नीट बोलणारा. कर्ज? ते मी भरलं. तूर विकून दोन हप्ते, बाकीचे नवीन ठरवून. पत्रानं एक पैसा कमी झाला नाही. पण मी परत मान वर करून बाजारात गेलो, हे त्या पत्रानं झालं.

पत्रात काय लिहायचं

माझं पत्र साधारण असं होतं. वापरा, आपल्यापुरतं बदला:

"माझा कर्ज खाते क्रमांक अमुक. हप्ते थकले आहेत हे मला मान्य आहे, कारण अमुक. तारीख अमुक, वेळ अमुक, ठिकाण अमुक येथे आपल्या वतीने आलेल्या इसमांनी लोकांसमोर माझा अपमान केला. त्यांनी ओळखपत्र व अधिकारपत्र दाखवले नाही. माझी विनंती: (१) यापुढे माझ्याशी लेखी किंवा याच मोबाईलवर सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेतच संपर्क करावा. (२) जामीनदार सोडून माझ्या कोणत्याही नातेवाइकाशी संपर्क करू नये. (३) आपण नेमलेल्या एजन्सीचे नाव कळवावे. (४) मुद्दल, व्याज व दंड वेगवेगळा दाखवून खात्याचा उतारा द्यावा. (५) मी अमुक तारखेपासून अमुक रक्कम भरू शकतो, त्याचा विचार व्हावा. ही तक्रार म्हणून नोंदवून क्रमांक कळवावा."

मराठीत लिहा, चालतं. प्रत ठेवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात मिळवलंय, तिथं पोहोचपावती मागून घ्या. शाखेत हातानं दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते. माहितीचा नंबर १४४४८. मारहाण, धमकी असेल तर लोकपालाची वाट बघू नका, पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या.

आता पत्रानं काय थांबत नाही तेही सांगतो, नाहीतर मला शिव्या द्याल. कोर्टाचं समन्स थांबत नाही. सोसायटीची किंवा जिल्हा बँकेची कलम १०१ ची नोटीस थांबत नाही. असे कागद आले तर लपवू नका, तारखेला जा. १८७५ च्या आधी आपली माणसं तारखेला गेली नाहीत, म्हणूनच एकतर्फी हुकूमनामे झाले. आणि एजंट म्हणाला की "उद्या वावराचा लिलाव", तर घाबरू नका. ज्या सरफेसी कायद्यानं बँका कोर्टाबाहेर तारण ताब्यात घेतात, तो शेतजमिनीला लागत नाही. दिवाणी कोर्टाच्या जप्तीतही शेतकऱ्याची अवजारं, लागणारी जनावरं आणि बियाणं सोडावं लागतं.

कृषी सहायक आणि कृषी सल्लागार मंडळीही हे पान वाचतात. त्यांना एक विनंती. वावरात आल्यावर बोंडअळी बघता तसं एकदा विचारत जा, दादा, पावत्या ठेवल्यात का? माणूस खचलेला वाटला तर १४४१६ हा सरकारी मानसिक मदतीचा नंबर द्या. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.

माझ्या आज्याला त्याच्या नावचा कागद वाचता आला नाही. सीनेपलीकडच्यांनी कागद जाळले. आपल्याला लिहिता येतं. कर्ज फेडायचं ते फेडूच. पण बोलणं चारचौघांत नको, कागदावर होऊ द्या.

पाटोद्याच्या भावानं काल रात्री पत्राचा फोटो पाठवला. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. आज पोस्टात टाकलं म्हणाला. पोच आली की कळवतो.

चूकभूल द्यावी घ्यावी. उद्या परत कापूस.